‘मी गाडी काढली’

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आठवायला बसलो की डोळ्यांपुढे काही ना काही उभं राहतं. एखादं तोडलेलं कुलूप, कोर्टाच्या व्हरांड्यात उकिडवं बसलेलं कुणी, पंचनाम्याच्या वेळी मध्येच भुंकणारा कुत्रा. हे एक प्रकरण मात्र मला कानानं आठवतं. तीन शब्दांचं एक वाक्य होतं आणि ते पुन्हा पुन्हा सांगणारी एक बाई होती. आता निवृत्तीनंतर सकाळी मल्लेश्वरमच्या घरी कॉफी घेत बसलेला असतो, तेव्हा कधीतरी ते वाक्य कानात येतं आणि त्या बाईला मनातल्या मनात नमस्कार होतो. नाव तिचं सांगणार नाही, कुणाचंच नाही. माणसं इथेच आहेत, सुखात आहेत, त्यांना तसंच राहू द्यावं.

माझ्याबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. मराठ्यांच्या फौजेतल्या घोड्यांबरोबर आलो असं वडील सांगायचे. घोडे गेले, आम्ही राहिलो. शाळा कन्नड, नोकरी कन्नड, आणि घरात आमची म्हणून एक मराठी, जी ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग ‘किती गोड’ म्हणतो. त्या वर्षी माझी नेमणूक एचएसआर लेआउटकडच्या एका ठाण्यात होती. तिथला तक्रारदारही वेगळा. दुसऱ्या ठाण्यात लोक रडत येतात, आरडाओरडा करत येतात. इथे तक्रार इंग्रजीत टाइप करून, मुद्दे पाडून आणतात आणि ‘सर, ईमेल करू का?’ असं विचारतात.

तो मुलगा आला तेव्हा त्याच्या हातात असलं काही नव्हतं. दुपारची वेळ, मी डबा उघडायच्या बेतात होतो. तिशी ओलांडलेला तरुण, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि पायात घरातल्या सपाता. सपाता पाहून मी डबा बाजूला सारला. माणूस सपातांवर ठाण्यात येतो तेव्हा त्याचं काम थांबण्यासारखं नसतं.

“सर, मेरे पिताजी मिसिंग हैं,” तो म्हणाला. हिंदी बोलण्याची ढब ओळखून मी विचारलं, “पुण्याचे का?” त्या एका प्रश्नावर तो खुर्चीत बसला आणि त्याला रडूच फुटलं.

हकीकत अशी होती. आई वारल्यावर वडिलांना त्यानं पुण्याहून आपल्याकडे आणलं होतं. सत्तरी पार केलेले, तसे ठणठणीत, पण मधुमेह मोठा. सकाळी इन्सुलिन आणि नाश्ता, मग दुपारचं जेवण वेळच्या वेळी झालंच पाहिजे, असा डॉक्टरांचा हुकूम. “जेवण चुकलं की शुगर एकदम खाली जाते, सर. घाम फुटतो, काहीतरी असंबद्ध बोलायला लागतात. मागच्या वेळी बेशुद्धच पडले होते. मी घरात होतो म्हणून वाचले. आज जेवणाची वेळ टळून गेलीये आणि बाबा कुठे आहेत ते मला माहीत नाही.”

माणूस हरवला तर चोवीस तास थांबावं लागतं, असा लोकांत एक समज आहे. तो कुणी पसरवला देव जाणे. आम्ही थांबत नाही आणि या बाबतीत तर क्षणभर थांबण्याची सोय नव्हती. नोंद घेतली, फोटो घेतला, वर्णन कंट्रोल रूमला दिलं, गस्तीच्या गाड्यांना कळवलं. ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षकांना दोन शिपाई देऊन त्याच्या इमारतीत पाठवलं. बाई हुशार, तडफदार. काम सांगावं आणि मोकळं व्हावं. मुलाला मी तिथेच बसवून ठेवलं, कारण घाबरलेला नातेवाईक रस्त्यावर फिरायला लागला की त्यालाही शोधावं लागतं.

उपनिरीक्षक बाई परतल्या त्या एका बाईला बरोबर घेऊनच. पन्नाशीची, सुती साडी, केसांत कोमेजलेला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा. आजोबांची देखभाल करायला दिवसभर घरी असायची. सगळे तिला अक्का म्हणत, मुलगा पुण्याच्या सवयीनं मावशी म्हणे. आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातली. आजोबांना कन्नड येत नाही म्हणून मुद्दाम मराठी बोलणारी बाई शोधून ठेवली होती.

अक्काला जरा लांब बसवून उपनिरीक्षक बाईंनी मला सगळं सांगितलं. आजोबांचा फोन लागत नव्हता आणि शेवटचं ठिकाण दाखवत होता ती त्यांचीच इमारत. सकाळी अक्का आणि आजोबा लिफ्टनं तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरले, हे सुरक्षारक्षकानं पाहिलं होतं. थोड्या वेळानं अक्का एकटीच हातात पिशवी घेऊन मागच्या फाटकातून बाहेर पडली, हेही त्यानंच सांगितलं. आजोबांना बाहेर जाताना कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या फाटकाच्या कॅमेऱ्यात ते नव्हते.

“पिशवीत काय होतं?” मी विचारलं.

“जाताना रिकामीच. परतताना चिंच, सर. नुसती चिंचेची पुडी. दुकानातनं आणली म्हणते.”

“आणि आजोबांबद्दल?”

बाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यानं उठूनच सांगितलं, “सर, मी ऑफिसमधून धावत घरी आलो आणि मावशींना विचारलं, बाबा कुठेत? तर म्हणतात, ‘मी गाडी काढली.’ गाडी! आमची गाडी कित्येक महिने जागची हललेली नाही. मी कंपनीच्या कॅबनं जातो. बॅटरी पार मेलीये. रिमोट दाबला तर टक्क असा आवाजसुद्धा येत नाही, दारं उघडत नाहीत. आत्ताही तळघरात कव्हर घालून उभी आहे. आणि ह्या म्हणतात गाडी काढली! ह्यांना सायकल चालवता येत नाही, सर.”

“मीही कन्नडमध्ये विचारलं,” उपनिरीक्षक बाई म्हणाल्या. “तेच म्हणते. ‘गाडी तेगदे.’ दुसरं काही बोलत नाही. गाड्या बाहेर पडतात त्या चढावरच्या कॅमेऱ्याचं चित्रणही आम्ही पाहिलं. यांची गाडी बाहेर गेलेलीच नाही. सर, हिच्या घरी एक टीम पाठवू या का? कुणाला तरी सामील करून घेतलं असेल.”

पोलिसाच्या मेंदूची एक खोड असते. चार धागे एका दिशेला जाताना दिसले की पाचवाही तिकडेच ओढायला लागतो. फोन इमारतीत, माणूस तळघरात शेवटचा दिसलेला, बाई एकटी बाहेर, आणि वर धडधडीत खोटं. कोणीही म्हणालं असतं, बाईलाच धरा. पण तिच्या घरी जीप पाठवायची म्हणजे काय, हे मला माहीत होतं. दाटीवाटीची जुनी गल्ली. तिथे पोलिसांची गाडी एकदा उभी राहिली की ती गेल्यावरही वर्षानुवर्षं लोकांना दिसत राहते. म्हटलं, आधी मी बोलतो.

आत छोटी खोली होती. उपनिरीक्षक बाई माझ्याशेजारी बसल्या, अक्का समोर, खुर्चीच्या कडेवर. त्या दिवशी वीज गेली होती आणि पंखा बंद. मुलाशी बोलून बोलून माझ्या तोंडातही पुस्तकी मराठीच बसली होती. मी विचारलं, “अक्का, आज सकाळी तळघरात नेमकं काय झालं?”

“आजोबांनी सांगितलं. मी गाडी काढली.”

“मग?”

तिनं दाराकडे पाहिलं. दारापलीकडे मुलगा होता. “मग काही नाही.”

“गाडी काढून कुठे नेलीत?”

ती माझ्याकडे असं पाहायला लागली, जणू मीच खुळ्यासारखं काही विचारलंय. “कुठं नेऊ? काढली, तेवढंच.”

पुन्हा विचारलं, फिरवून विचारलं, जरा आवाज चढवूनही विचारलं. उत्तर तेच. मला एका गोष्टीचा उलगडा होईना. खोटं बोलणारा माणूस सहसा सोपं खोटं निवडतो. ‘आजोबा फिरायला गेले’ एवढं सांगून ही बाई मोकळी झाली असती, कुणालाही पटलं असतं. ते सोडून तिनं असं खोटं का निवडावं, जे तळघरात डोकावून कोणीही पकडेल? शिवाय खोटं बोलणाऱ्याला गप्प राहवत नाही. तो आपण होऊन जास्तीची माहिती देतो, शपथा घालतो. हिच्याजवळ तीन शब्द होते आणि ती त्यांना धरून बसली होती.

दारापलीकडे मुलाच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. दर फेरीला मला वाटे, ते आजोबा आता कुठेतरी घामानं भिजत असतील. उपनिरीक्षक बाईंनी घड्याळाकडे पाहून मान हलवली. आता घरी जीप पाठवावी, असा त्याचा अर्थ होता.

तेवढ्यात अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “अण्णा, स्वल्प दार काढा की. जीव गुदमरतोय.”

मी उठलो, दाराच्या कडीला हात घातला आणि हात तिथेच राहिला.

आमच्या घरात दार कधी कुणी ‘उघडत’ नाही. आई म्हणायची, दार काढ. डबा काढ, खिडकी काढ, पुस्तक काढून वाच. कन्नडमध्ये ‘तेगी’ या एकाच शब्दात उघडणंही आलं आणि बाहेर काढणंही आलं. पिढ्यान्‌पिढ्या त्या भाषेत राहून आमच्या मराठीनं ‘काढ’ला तीच दुहेरी नोकरी लावली. माझी बायको साताऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हा माझी आई म्हणाली, “सूनबाई, दार काढ.” तिनं विचारलं होतं, “काढून कुठे ठेवू, माळ्यावर?” आमच्या घरात तो विनोद अजून चालतो. आणि मी, रोज तेच बोलणारा माणूस, इतका वेळ त्या खोलीत बसून ते वाक्य पुण्याच्या कानानं ऐकत होतो.

मी कडी काढली, दार उघडून ठेवलं, खुर्ची अक्काजवळ ओढली आणि घरी बोलतो तसं बोललो. “अक्का, गाडी काढली म्हणजे गाडीचं दारच काढलं नव्हं? रस्त्यावर नेली नाही?”

“अय्यो, रस्त्यावर कशी नेऊ अण्णा? मला काय येतंय चालवायला? दारच काढलं. आजोबांनी किल्ली दिली, मी फिरवली. त्यांचा हात थरथरतोय.”

उपनिरीक्षक बाई एकदम पुढे सरकल्या. “बागिलु तेगद्या?” दार उघडलंस? अक्का म्हणाली, “हौदु मॅडम, मग मी काय सांगत होते?”

‘ध’चा ‘मा’ केल्यानं काय अनर्थ झाला, हे मराठी माणसाला सांगायला नको. इथे तर एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मुलानं गाडी नेली असं ऐकलं आणि ठाण्यात येऊन तसं सांगितलं. तेच कानात घेऊन उपनिरीक्षक बाई तिथे गेल्या, तेव्हा त्यांना कन्नडमधलं ‘गाडी तेगदे’सुद्धा तसंच ऐकू आलं. पहिल्या वाक्यालाच ‘तू खोटं बोलतेस’ म्हटल्यावर पुढची वाक्यं त्या बाईनं कुणासाठी बोलावीत?

“आता पुढचं सांगा,” मी म्हटलं. “सगळं. मी मध्ये बोलणार नाही.”

तिनं पुन्हा दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “दादाला सांगू नको म्हणून आजोबांनी हातावर हात घेऊन वचन घेतलंय माझ्याकडनं. पण आता सांगते. गाडीत आजींचं पुरणयंत्र होतं. पितळेचं, मोठं. आजी जाताना सांगून गेल्या, हे मल्लेश्वरमच्या घरमालकीणबाईंना द्या म्हणून. लग्न झाल्या झाल्या आजोबा-आजी इथं भाड्यानं राहत होते, तेव्हा त्या बाईंनी आजींना होळिगे, इकडच्या पुरणपोळ्या, शिकवलेल्या. पुण्याहून येताना आणलं, ते गाडीतच राहिलं. आजोबा रोज दादाला विचारतात, कधी जायचं? दादा म्हणतो, आधी बॅटरी घालू. आज मला म्हणाले, अक्का, ते काढून दे, चिंचेनं घासून लखलखीत करून ठेवतो. रिमोटच्या पोटातनं छोटी किल्ली त्यांनीच ओढून काढली. मी दार काढलं, यंत्र त्यांच्या हातात दिलं, किल्ली फिरवून पुन्हा बीग घातलं. घरात चिंच नव्हती. जा, घेऊन ये म्हणाले. मी आले तर आजोबा नाहीत. मला वाटलं खाली पार्कात बसलेत. पार्कात नाहीत, तेव्हा दादाला फोन केला.”

“मल्लेश्वरमला कुठे, काही बोलले होते?”

“नंदीच्या तोंडातनं पाणी पडतंय की, त्या देवळाच्या मागच्या गल्लीत.”

त्या देवळाच्या पायऱ्यांवर माझं लहानपण गेलेलं. मी लगेच मल्लेश्वरमच्या ठाण्याला फोन लावला, वर्णन दिलं, नंदीच्या देवळामागच्या गल्ल्या बघायला सांगितल्या. पण हा फोन माझ्या भरवशावर केलेला होता. माणूस खरंच इमारतीबाहेर पडला होता का, याचा पुरावा अजून हातात नव्हता आणि मुलाचा तर विश्वासच बसत नव्हता. “सर, बॅटरी नसताना ही गाडी उघडतच नाही. मी स्वतः किती वेळा रिमोट दाबलाय!”

इमारत जवळच होती. आम्ही सगळे तळघरात गेलो. त्या कोपऱ्यात कॅमेरा नव्हता. धुळीचं कव्हर ड्रायव्हरच्या बाजूनं वर सरकवून पुन्हा ओढलेलं दिसत होतं, पण ते आता, शोधायला गेल्यावर दिसलं. मुलानं रिमोट आणला आणि सवयीनं बटण दाबलं. गाडी ढिम्म. अक्का म्हणाली, “तसं नाही दादा, बाजूचं ते दाबून ओढा.” त्यानं ओढलं तशी रिमोटच्या कडेतून बोटभर लांबीची साधी किल्ली बाहेर आली. आता ती घालायची कुठे? दाराला भोक दिसेना. मुठीच्या टोकाला एक प्लॅस्टिकचं झाकण होतं. सकाळी ते नीट बसवलेलं नव्हतं आणि एका बाजूनं जरासं वर राहिलं होतं. मुलानं नखानं ते काढलं. आत भोक होतं. त्यानं किल्ली फिरवली आणि टक्क आवाज झाला.

तो आवाज मला अजून आठवतो. अक्कानं डोळे मिटले आणि हात जोडले.

गाडीत दिवा लागला नाही. बॅटरीच नव्हती, कसा लागणार? टॉर्च टाकला. मागच्या सीटवर यंत्र नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र कापडी बटवा पडलेला होता. मुलानं झडप घालून तो उचलला. “बाबांचा बटवा. कायम खांद्याला असतो. ह्यात बिस्किटं आणि साखर असते, सर, शुगर उतरली तर खायला.” बटव्यात बिस्किटं होती, साखरेच्या पुड्या होत्या आणि फोनही होता. तळघरात रेंज नाही, म्हणून तो लागत नव्हता. जड यंत्र दोन्ही हातांनी घ्यायचं म्हणून म्हाताऱ्यानं बटवा सीटवर ठेवला आणि तो तिथेच विसरला. अक्कानं त्यावर दार बंद केलं.

म्हणजे आता आम्हाला दोन गोष्टी कळल्या होत्या. बाई खरं बोलत होती आणि आजोबांजवळ साखरेचा कणही नव्हता.

उपनिरीक्षक बाई तशाच सुरक्षारक्षकांच्या खोलीत गेल्या आणि गाड्यांच्या चढावरचं चित्रण पुन्हा लावलं. मघाशी आम्ही त्यात गाडी शोधली होती. आता माणूस शोधला आणि लगेच सापडला. एक गाडी वर चढतेय, तिच्या कडेनं, भिंतीला धरून, टोपी घातलेले आजोबा पिवळ्या कापडात बांधलेलं बोचकं पोटाशी घेऊन हळूहळू चालले आहेत. त्या चढावर सुरक्षारक्षक गाडीचा नंबर बघतो, माणूस बघत नाही. बाहेर त्यांनी रिक्षा थांबवलेलीही दिसली. काखेत कळसा म्हणतात तो हा. बाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. पण मघाशी त्यांना जे सांगितलं होतं तेच त्यांनी पाहिलं होतं, त्यात त्यांचा काय दोष?

मी मल्लेश्वरमला पुन्हा फोन केला. पिवळ्या कापडाचं बोचकं सांगितलं आणि वर सांगितलं, “मधुमेही आहेत. झिंगल्यासारखे वाटतील, शुद्धीवर असले तर आधी साखर द्या, मग बाकीचं विचारा.” मग जीपमध्ये बसलो. मुलगा, अक्का, मी. एचएसआरहून मल्लेश्वरम म्हणजे अर्धं शहर ओलांडायचं आणि दुपार कलली की बेंगळुरात सायरनसुद्धा रांगेतच उभा राहतो. मुलगा खिडकीबाहेर बघत एकच वाक्य बोलला. “कॅबनं नेलं असतं तरी चाललं असतं, सर. मी बॅटरीचं धरून बसलो.” अक्का म्हणाली, “सरी दादा, झालं ते झालं, आता ते नको.”

वाटेतच फोन आला. सापडले होते.

तिथल्या बीटच्या हवालदाराला ते नंदीच्या देवळासमोर पायरीवर दिसले, मांडीवर पिवळं बोचकं. सदरा घामानं चिंब, डोळे अर्धे मिटलेले आणि तोंडानं कुणाला तरी ‘वैनी, दार उघडा’ म्हणत होते. फुलं विकणाऱ्या बाईनं हवालदाराला सांगितलं, दुपारपासून बसलाय, बहुतेक प्यायलाय. हवालदारानं समोरच्या हॉटेलातून पाण्यात साखर ढवळून आणली आणि घोट घोट पाजली, मग दवाखान्यात नेलं. नंतर तो मला म्हणाला, “खरं सांगतो सर, तुमचा निरोप नसता तर मलाही दारूच वाटली असती. म्हटलं असतं, झोपू दे, उतरेल.”

ज्या घरासाठी ते आले होते, ते घर आता नाही. पत्रे ठोकलेत आणि आत खड्डा आहे. त्या पत्र्यांपुढे बराच वेळ उभं राहून आजोबा देवळाकडे परतले होते. त्यानंतरचं त्यांना काही आठवत नव्हतं.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा ते बसते झाले होते आणि आधी बोचक्याची चौकशी करत होते. मुलगा त्यांच्या पायाशी बसला तो बराच वेळ उठला नाही. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर साखर पाजण्याच्या पलीकडे गेलं असतं. थोड्या वेळानं मुलगा कॉरिडॉरमध्ये आला, अक्कासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मावशी, मी तुम्हाला खोटं ठरवलं. माफ करा मला.” अक्कानं त्याच्या सपातांकडे पाहिलं. “असू दे, दादा. सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही. आधी कॉफी घ्या.”

मिसिंगची नोंद बंद करायची तर सापडलेल्या माणसाचा जबाब लागतो. आजोबा शुद्ध पुणेरी. मी मराठीत लिहिलेला जबाब वाचून त्यांनी माझी दोन ऱ्हस्व-दीर्घं सुधारली आणि शेवटी एक ओळ घालायला लावली की या बाईंचा यात कोणताही दोष नाही, दोष असल्यास माझा. कायद्याला त्या ओळीची गरज नव्हती. मी आनंदानं लिहिली.

घरमालकीणबाईंचा पत्ता त्या फुलवालीनंच दिला. लेकीकडे, हेब्बाळला. नवी बॅटरी बसल्यावर गाडी पहिल्यांदा निघाली ती तिकडे. आजोबा पुढे, अक्का मागे यंत्र मांडीवर घेऊन. पुढच्या आठवड्यात अक्का ठाण्यात आली, हातात स्टीलचा डबा. होळिगे होत्या, वर तुपाची वाटी वेगळी. हेब्बाळच्या बाईंनी ठाण्यातल्या सगळ्यांसाठी पाठवल्या होत्या. उपनिरीक्षक बाईंनी पहिली उचलली आणि अक्काला बळंच आपल्या खुर्चीत बसवलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात मला एकदा विचारलं होतं. मी सांगितलं, समोरच्यानं वापरलेला शब्द त्याच्या घरी कसा वापरतात ते विचारा. ‘म्हणजे नक्की काय केलंत?’ एवढा एक प्रश्न आम्ही विचारला असता तर तो दिवस असा गेला नसता. निवृत्त होईपर्यंत मी तो प्रश्न प्रत्येक जबाबात विचारला. ऐकणारे वैतागायचे, पण त्यातून काही निर्दोष माणसं वेळेवर घरी गेली. पण खरं सांगायचं तर शिकण्यापेक्षा मला त्या बाईचे उपकार जास्त आठवतात. त्या दिवशी तिच्यावर मुलगा ओरडला, मी आवाज चढवला, घरी पोलीस जाणार हे तिनं ऐकलं. अशा वेळी भलेभले ठाम लोक मोडतात. आम्हाला पटेल असं काहीतरी सांगून टाकतात, ‘फिरायला गेले असतील’ म्हणतात आणि सुटतात. तिनं तसं काही सांगितलं असतं तर आम्हीही सुटकेचा निःश्वास टाकला असता, सगळ्या बागा आणि तळी पालथी घातली असती, आणि ते आजोबा त्या पायरीवर दारुडे म्हणूनच गेले असते.

डबा घेऊन आली त्या दिवशी मी तिला विचारलं, “अक्का, आम्ही एवढं दटावलं, तरी तुम्ही एकच गोष्ट कशी धरून बसलात? घाबरून दुसरं काही बोलला नाहीत?”

ती तुपाची वाटी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, “जे केलं तेच सांगायचं की, अण्णा. न केलेलं कुठनं आणू?”